दोनशे फोटो म्हणजे पोथी नव्हे

उजनी धरण भरत आले, तिकडे वीर धरणातून नीरेत पाणी सुटले, की पंढरपूरकर एका गावाच्या नावाकडे कान लावून बसतात. ते गाव नीरा-नरसिंहपूर. इथे नीरा भीमेला मिळते. दोन्ही नद्यांचे मिळून किती हजार क्युसेक पाणी पुढे निघाले, तो आकडा इथला असतो आणि चंद्रभागेचे वाळवंट कुठवर बुडणार हे त्यावरून ताडले जाते. पुराच्या दिवसांत हा आकडा वर्तमानपत्रात येतो, फोनवर फिरतो, आणि पाणी ओसरले की कोणी त्याचे नाव काढत नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘साठवण’ हा विषय कळवला तेव्हा बी-बियाणे, धान्याची पेवे, लोणची-पापड हे सगळे आधीच वाटले गेले होते. मी ग्रंथालयांची डिजिटल साठवण मागून घेतली. सर्व्हर ठेवलेल्या वातानुकूलित खोलीतून सुरुवात करणे सोपे होते, पण तिथे पाहण्यासारखे काहीच नसते. लुकलुकणारे दिवे आणि पंख्याचा आवाज. म्हणून सुरुवात इंदापूर तालुक्याच्या या टोकापासून केली.

पुणे जिल्हा इथे संपतो. नीरा ओलांडली की माळशिरस तालुका, भीमा ओलांडली की माढा. दोन्ही सोलापूर जिल्ह्यात. संगमावर लक्ष्मी-नृसिंहाचे काळ्या दगडातले मंदिर आहे. मूर्ती वाळूची, प्रल्हादाने घडवलेली, अशी श्रद्धा. आजचे बांधकाम अठराव्या शतकातले, विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या नावाने ओळखले जाणारे. वैशाखात नृसिंह जयंतीला गाव भरून वाहते, कारण महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कितीतरी घराण्यांचे हे कुलदैवत आहे.

आता या एका गावाविषयीचे ज्ञान कुठे कुठे पडले आहे ते पाहा. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. विंचूरकरांमुळे पेशवाईशी संबंध असल्याने मोडी कागदांत ते येते. केंद्रीय जल आयोगाचे मोजणी-केंद्र इथे असल्याने नदीच्या आकड्यांत ते येते. घराघरांत पोथ्या आहेत. देवळात म्हटली जाणारी पदे आणि आरत्या आहेत, त्यांच्या चाली कुठेच लिहिलेल्या नाहीत. हे सगळे एखाद्या ग्रंथालयाने संगणकावर घ्यायचे म्हटले, तर नेमके काय घ्यायचे आणि कसे ठेवायचे?

फळ्यांमधली पोथी

देवळापासून जवळच्या एका घरात मला पोथी पाहायला मिळाली. घराचे नाव छापायचे नाही, ही अट होती. काकांनी अंघोळ करून, सोवळे नेसून देवघराच्या वरच्या फडताळातून ती काढली. लाल कापडाचे बासन, आत दोन लाकडी फळ्या, फळ्यांमध्ये सुटी पाने. शिवण नाही, बांधणी नाही. क्षेत्रमाहात्म्याची ओवीबद्ध पोथी, शंभराच्या आसपास पाने.

त्यांच्या पुतण्याने दिवाळीच्या सुट्टीत फोनवर सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. ‘डिजिटल झाली आता, पुराचं भय नाही,’ काकू म्हणाल्या. फोटो मी पाहिले. अर्धे उलटे होते.

कारण साधे आहे. पोथीचे पान पुस्तकासारखे कडेने उलटत नाहीत. खालची कड धरून वरच्या अंगाला टाकतात. तसे टाकले की पाठचा मजकूर वाचणाऱ्याला सरळ दिसतो. पुस्तकाच्या सवयीने कडेने उलटले की पाठ डोक्यावर उभी. पुतण्या पुस्तके वाचून वाढलेला, त्याचा हात तसाच गेला. दुसरी गोष्ट म्हणजे पानाचा आकडा. तो बहुधा पुढच्या बाजूला नसतोच, पाठीवर असतो: डाव्या समासात वरच्या अंगाला ग्रंथाचे नाव आखडून आणि आकडा, उजव्या समासात खाली ‘राम’ आणि पुन्हा आकडा. म्हणजे फोनमधला पहिला फोटो बिनआकड्याचा, दुसऱ्यावर १. तिसरा बिनआकड्याचा, चौथ्यावर २. पोथीवाले याला पान १ अ, १ ब म्हणतात. फोन त्याला आपल्या मनाने भलताच क्रमांक देतो.

काकांनी पाने एकेक करून पाटावर मांडली. छत्तिसाव्यानंतर अडतिसावे. सदतिसावे नाही. ओव्यांचे आकडेही तिथे उडी मारतात, म्हणजे ते पान होते आणि हरवले. पुढे बावन्न आकड्याची दोन पाने. इथे मात्र ओव्यांचे आकडे सलग चालतात. लेखनिकाने मोजताना चूक केली आहे, पान जास्तीचे नाही. काही ठिकाणी पिवळे डाग. ‘हरताळ फासलाय,’ काका म्हणाले. चुकलेले अक्षर हरताळाने झाकायची जुनी रीत. शेवटच्या पानावर शक आणि संवत्सराचे नाव दिलेले, म्हणजे दोन्ही एकमेकांशी ताडून पाहता येतात.

फोटोत हरताळाचा पिवळा रंग करडा झाला होता, कारण फोन उजेडाप्रमाणे रंग आपणच जुळवतो. शेजारी रंगपट्टी नाही, मोजपट्टी नाही. सदतिसावे पान हरवल्याची खूण फोटोंच्या रांगेत कुठेच नाही: छत्तिसाव्याच्या पाठीनंतर निमूटपणे अडतिसाव्याचे तोंड. शिवाय हे फोटो नातलगांच्या गटात व्हॉट्सअ‍ॅपने पाठवल्यावर आकसले होते. मूळ ज्या फोनमध्ये होते तो फोन पुतण्याने बदलला.

या घराने निष्काळजीपणा केला असे मला म्हणायचे नाही. उलट हेच काम मोठमोठ्या संस्थांनी, अनुदान घेऊन, याच तऱ्हेने केलेले आहे.

काय साठवायचे

पुण्यातल्या एका ग्रंथालयात स्कॅनिंगचे काम पाहणाऱ्या तंत्रज्ञाला मी हे सांगितले, तेव्हा तो हसला. ‘सर, फोटो आठवड्यात उरकतात. खरं काम त्यानंतर.’

त्याने हिशेब मांडून दाखवला. बारा इंच लांब, पाच इंच रुंद पान. इंचाला ४०० ठिपके या दराने रंगीत घेतले तर एका बाजूची बिनदाबाची टिफ फाईल साधारण २९ एमबीची होते. शंभर पाने म्हणजे दोनशे बाजू, जवळजवळ पावणेसहा जीबी. ही मूळ प्रत, ती कुलुपात. तिच्यावरून वाचकांसाठी हलक्या जेपीजी, तळहाताएवढ्या छोट्या प्रतिमा. कोणी मजकूर टंकला तर तो पानावरच्या ओळींशी जुळवून ठेवायचा. पोथीचे वर्णन वेगळे, पानांचा क्रम वेगळा, कोणाला काय दाखवायचे याची नोंद वेगळी. आणि प्रत्येक फाईलचा एक ठसा-आकडा, ज्याला चेकसम म्हणतात: फाईलमधला एक ठिपका जरी बदलला तरी हा आकडा बदलतो, म्हणून दरवर्षी तो पुन्हा काढून जुन्याशी ताडायचा. पोथी एक, फायली पाचशेच्या वर.

ग्रंथालयशास्त्रात अशा वस्तूला संयुक्त डिजिटल वस्तू म्हणतात. तिचे मर्म फायलींत कमी आणि फायलींच्या परस्परसंबंधात जास्त. बावन्न आकड्याचे दुसरे पान पहिल्याच्या नंतर येते, सदतिसावे नाही, अमुक ओवी अमुक पानाच्या पाठीवर तिसऱ्या ओळीत आहे: हे कुठल्याही फोटोत मावत नाही. ते वेगळे लिहून ठेवावे लागते, तेही संगणकाला कळेल अशा रीतीने.

हा प्रश्न सुटावा म्हणून पंचवीस-तीस वर्षे खटपट चालली आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९७मध्ये फेडोरा नावाच्या व्यवस्थेची आखणी झाली. तिच्यात वस्तू आधी आणि फायली तिच्या पोटात, असा विचार मुळापासून होता. २००२मध्ये एमआयटी आणि एचपी यांनी मिळून डीस्पेस आणले. डीस्पेस बसवायला सोपे, फुकट, म्हणून भारतातल्या विद्यापीठांनी ते उचलले. पण ते जन्मले शोधनिबंध ठेवण्यासाठी. त्यात एका नोंदीला हव्या तितक्या फायली जोडता येतात; त्या फायलींपैकी कोण कोणाच्या पाठीवर, हे सांगण्याची सोय मुळात नव्हती. पोथी चाळता येईल असा दर्शक त्यात येण्यासाठी २०२१ची सातवी आवृत्ती यावी लागली, आणि जुन्या आवृत्तीवरून तिच्यावर जाणे म्हणजे घर उतरवून पुन्हा बांधण्याइतके काम.

मग आपल्याकडे काय होते? सगळे एका पीडीएफमध्ये घालून मोकळे होतात. पीडीएफ वाईट नाही. वाचायला, पाठवायला, छापायला उत्तम. पण मूळ प्रतिमा दाबून तिच्यात घातल्या आणि मूळ पुसून टाकल्या की परतीची वाट बंद. त्यात काही उत्साही ट्रस्ट प्रत्येक पानावर आपला शिक्का उमटवतात, नेमका मजकुरावर. त्याला दान म्हणायचे की जाहिरात, हे वाचकांनी ठरवावे.

तुकडे झालेले ग्रंथ

दुसऱ्या टोकाचा नमुना शोधगंगेवर पाहायला मिळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध डिजिटल रूपात देणे सक्तीचे केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने हे लाखो प्रबंध एका जागी आणले. काम डोंगराएवढे आहे आणि देशाला त्याचा फार उपयोग आहे. ग्रामीण महाविद्यालयातल्या संशोधकाला पुण्या-मुंबईची वारी न करता दुसऱ्याचा प्रबंध वाचता येतो, ही साधी गोष्ट नाही. पण प्रबंध उघडला की समोर फायलींची यादी: ०१ शीर्षक, ०२ प्रमाणपत्र, मग प्रकरणागणिक एकेक फाईल, आणि शेवटी ८० क्रमांकाने शिफारशी. पूर्ण प्रबंध वाचायचा तर एकेक उतरवा. तिसऱ्या प्रकरणातला नकाशा आणि परिशिष्टातला तक्ता शेजारी ठेवून पाहायचे असतील तर दोन खिडक्या उघडा. क्रम आहे, तो फाईलच्या नावात कोंबलेला. पण मी म्हणेन, क्रम आहे हेच पुष्कळ.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या साथीने चालवलेल्या या प्रकल्पात देशभरच्या केंद्रांनी लाखो जुनी पुस्तके स्कॅन केली, मराठीही हजारोंनी. प्रत्येक पान वेगळी टिफ फाईल. पाहायला ब्राउझरमध्ये वेगळे पूरक सॉफ्टवेअर बसवावे लागे, आणि एका वेळी एकच पान दिसे. पुस्तक सलग मिळावे म्हणून वाचकांनीच पाने ओढून घेणारे छोटे प्रोग्राम लिहिले. मराठी नावे रोमन लिपीत अशी काही टंकली होती की पुस्तक तिथे असूनही सापडू नये. पुढे संकेतस्थळ बंद पडले. कार्ल मालमुद या अमेरिकन गृहस्थाने त्याआधी चार लाखांहून अधिक पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर चढवली होती, म्हणून ती आज आपल्याला मिळतात.

इंटरनेट आर्काइव्हवरच्या एखाद्या जुन्या मराठी पुस्तकाच्या ‘सर्व फायली’ कधीतरी उघडून पाहा. पीडीएफ असते, पण तिच्याशेजारी पानांच्या प्रतिमांची झिप, मजकुराची फाईल, पुस्तकाचे वर्णन, कोणते पान डावे आणि कोणते उजवे याची नोंद, आणि सगळ्या फायलींच्या ठसा-आकड्यांची यादी. वाचणारा यातले काही पाहत नाही. उद्या पीडीएफ जुनाट झाली तर नवे काहीतरी यातूनच बनवता येईल. साठवण म्हणावी ती ही.

वस्तूसोबत तिचे संबंधही साठवायचे असतात, हे मोडी कागदांच्या बाबतीत आपल्या पूर्वसुरींना चांगले ठाऊक होते. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात सुमारे ३९ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. विंचूरकरांच्या सरंजामाचा एखादा हिशेब अमुक रुमालात का आहे, त्याच्या वर-खाली कोणते कागद आहेत, यावरून त्या कागदाचा अर्थ लागतो. एकटा कागद सुंदर स्कॅन करून फ्रेममध्ये लावला तर तो शोभेचा होतो, पुरावा राहत नाही. रुमालाचा क्रमांक, पुडक्याचा क्रमांक, कागदाचा अनुक्रम हे प्रतिमेसोबत गेलेच पाहिजे.

एक पान मागणारा वाचक

साठवले, पण पोहोचवायचे कसे? नरसिंहपुरातल्या काकांना पावणेसहा जीबी नकोत. त्यांना पोथीतली फलश्रुती हवी, तीही मोठ्या अक्षरात, कारण डोळ्याचे ऑपरेशन झालेले. संशोधकाला उलट हरताळाखालचे पुसट अक्षर शंभर पटींनी मोठे करून पाहायचे असते. दोघांची गरज एकाच मूळ प्रतीतून भागली पाहिजे.

त्यासाठी २०११च्या सुमारास स्टॅनफर्ड, ऑक्सफर्डचे बोडलियन, ब्रिटिश लायब्ररी अशा ग्रंथालयांनी मिळून एक समान पद्धत ठरवायला घेतली. तिचे लांबलचक नाव बाजूला ठेवू. सगळे तिला ट्रिपल-आय-एफ म्हणतात. तिची खुबी प्रतिमेच्या पत्त्यात आहे. प्रतिमेचा कोणता भाग हवा, केवढा हवा, किती अंशांनी फिरवून हवा, हे पत्त्यातच लिहायचे. सर्व्हर तेवढाच तुकडा कापून देतो. पुतण्याचे उलटे फोटो सरळ करायला नव्या फायली बनवाव्या लागत नाहीत, पत्त्यात १८० लिहिले की पान सरळ. फोनवर येतो तो डोळ्यासमोरचा तुकडा, बाकीचे पान सर्व्हरवरच.

दुसरी खुबी म्हणजे सोबतची यादी, जिला ते मॅनिफेस्ट म्हणतात. त्यात पोथीच्या प्रत्येक बाजूसाठी क्रमाने एकेक रिकामी चौकट असते आणि चौकटीत प्रतिमेचा पत्ता भरायचा. सदतिसाव्या पानासाठीही चौकट ठेवता येते, रिकामी. उद्या ते पान अकलूजला एखाद्याच्या ट्रंकेत सापडले आणि दुसऱ्याच संस्थेने त्याचा फोटो घेतला, तर तिथला पत्ता या चौकटीत टाकायचा. पान जिथे आहे तिथेच राहते आणि पोथी पुरी होते. ही कल्पनारंजनाची गोष्ट नाही. फ्रान्समध्ये शातोरू गावच्या वाचनालयातल्या एका मध्ययुगीन हस्तलिखितातली कापून नेलेली चित्रे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. ती अशीच पडद्यावर आपापल्या जागी बसवली गेली.

मजकुराच्या बाजूने मराठीत हेच काम विकिस्रोतावर चालते, आणि त्याची फारशी वाच्यता होत नाही. तिथे डाव्या हाताला मजकूर, उजव्या हाताला स्कॅन. कोणी तपासले नाही तोवर पान लाल, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्याने पडताळले की हिरवे, अडचणीचे असेल तर निळे. पुस्तकाचे पान कोणत्या अवस्थेत आहे हे वाचकाला लपवून ठेवलेले नाही. आपल्या सरकारी पोर्टलांनी एवढा प्रामाणिकपणा उसना घ्यायला हरकत नाही.

कोणते नरसिंहपूर?

शोधताना मला आणखी एक गाठ लागली. गॅझेटियरचा अठरावा खंड, पुण्याचा, तीन भागांत आहे आणि गावांची माहिती तिसऱ्यात. पहिला भाग उतरवून ‘नरसिंहपूर नाही’ म्हणणारे लोक मी पाहिले आहेत, कारण ऑनलाइन यादीत तिन्ही भागांची नावे सारखीच. इंग्रजीत ‘नरसिंगपूर’, मराठीत नरसिंहपूर, नृसिंहपूर, नीरा-नरसिंहपूर. शिवाय सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी कोळे नरसिंहपूर आहे आणि मध्य प्रदेशात आख्खा नरसिंहपूर जिल्हा. ग्रंथालयाने या सगळ्या नावांना एक कायमचा क्रमांक आणि अक्षांश-रेखांश देऊन ठेवले नाहीत, तर भीमेचे आकडे, कृष्णेचे माहात्म्य आणि नर्मदेकाठच्या जिल्ह्याची जनगणना एकाच शोधात गळ्यात पडतात.

हक्कांचेही तसेच. नरसिंहपूरच्या घराने मला सांगितले, ‘पोथी दाखवा जगाला, पण घर दाखवू नका.’ देवळातल्या एका पदाची चाल ध्वनिमुद्रित करायला परवानगी मिळाली, जाहीर ऐकवायला नाही. म्हणजे एकाच वस्तूच्या पोटात तीन निरनिराळे नियम: प्रतिमा खुल्या, मालकाचे नाव बंद, ध्वनी फक्त ग्रंथालयात बसून. ज्या व्यवस्थेत सगळे एकत्र खुले किंवा एकत्र बंद एवढेच करता येते, तिच्यात हा शब्द पाळता येत नाही. मग शब्द मोडला जातो किंवा पोथीच दिली जात नाही. दुसरेच जास्त घडते.

पैसे कशाला मिळतात

राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३मध्ये सुरू झाले. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशनची घोषणा झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद आणि जतन करण्याची. आकडा मोठा आहे आणि इच्छा चांगली आहे. भीती एवढीच की हिशेब पुन्हा पानांवर होईल. किती पाने स्कॅन झाली यावर बिल निघते. त्या पानांचा क्रम लावला का, हरवलेले नोंदले का, पाच वर्षांनी ठसा-आकडे कोणी ताडले का, यावर बिल निघत नाही. अनुदान तीन वर्षांचे, पोथी तीनशे वर्षांची.

आणि एका जागी ठेवून भागत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला आणि जगातल्या एका श्रीमंत ग्रंथालयाची सूची कित्येक महिने धड चालेना. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात इंटरनेट आर्काइव्ह काही दिवस बंद होते. ज्यांच्याकडे दुसरी प्रत दुसऱ्या गावात, दुसऱ्या संस्थेच्या हाती होती, त्यांचे अडले नाही.

माझे मत असे: तालुक्याच्या प्रत्येक वाचनालयाने स्वतःचा सर्व्हर उभारण्याची काही गरज नाही. इंदापूर-बारामतीच्या महाविद्यालयांना ते जमणारे नाही आणि जमवूही नये. त्यांनी गोळा करावे, क्रम लावावा, वर्णन लिहावे. साठवण विद्यापीठाने किंवा राज्य पुराभिलेख विभागाने दोन वेगळ्या शहरांत करावी, आणि तिच्यासाठी दरवर्षी, वीजबिलासारखी, ठरलेली रक्कम ठेवावी. शासनाने पुढची निविदा काढताना ‘पानांची संख्या’ या रकान्याशेजारी ‘क्रम व त्रुटींची नोंद’ हा रकाना घातला तरी पुष्कळ सुधारेल.

तोवर तुमच्या घरी पोथी असेल आणि या दिवाळीत कोणी भाचा-पुतणी फोन घेऊन बसणार असेल, तर आधी पाने मोजा. कोणते नाही, कोणते दोनदा आहे, ते कागदावर लिहा आणि त्या कागदाचा फोटो सगळ्यात पहिला घ्या. पान वरच्या अंगाला उलटा. शेजारी मोजपट्टी ठेवा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचेच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि दोन वेगळ्या घरांत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.